एका सद्गृहस्थांकडून पाचशे एक

पैसे कसे साठवायचे ते मला मायनं शिकवलं, आणि ते कशावर उडवायचे ते नानांनी. नाना म्हणजे माझे वडील. आपण पोरीला काय शिकवतोय याचा दोघांनाही पत्ता नव्हता, असता तर दोघांनीही वेळेवर हात आवरला असता. आम्ही धरणगावात राहायचो, एका जिनिंगच्या मागे, दोन खोल्यांत. नाना त्या जिनिंगमध्ये फिटर. हंगामात यंत्रांची घरघर सकाळी सुरू व्हायची ती दिवसभर, आणि बंद पडली की मायला घरात चुकल्यासारखं व्हायचं. नाना कामावरून यायचे तेव्हा भुवयांवर, मिशांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाची लव बसलेली असायची. माय त्यांना दारातच पदरानं झटकायची आणि मग हात पुढे करायची, पगाराचा दिवस असला तर. त्या पैशांची वाटणी चूल पेटायच्या आत व्हायची. भाडं हळदीच्या डब्यात, वाण्याचे पैसे तुरीच्या डाळीत, आजारपणाचे मिठाच्या बरणीमागे. आमच्या घरातून आलेली नोट वाण्याला वासावरून ओळखू यायची. तो नाकाशी धरायचा आणि म्हणायचा, "सोनवणे का?"

नानांना व्यसन म्हणाल तर सुपारीचंही नव्हतं. होता तो कुस्तीचा नाद. दिवाळीनंतर यात्रा सुरू झाल्या की दर रविवारी कुठल्या ना कुठल्या गावी दंगल असायची, आणि दहा-बारा मैलांच्या आतली एकही दंगल नानांनी सोडली नाही. मी सायकलच्या पुढच्या दांडीवर, हँडलला फडक्यात बांधलेली कळण्याची भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा. उडदाचा वास असलेली ती भाकरी ऊन लागून कडक व्हायची आणि आम्ही ती मातीत बसून, डोळे कुस्तीच्या हौद्यावरून न काढता खायचो. नाना मला डाव सांगायचे. "हा देख एकेरी पट. आता तो ढाक लावतो का बघ." मी आठ वर्षांची असताना मला धोबीपछाड कळत होता आणि नवाचा पाढा येत नव्हता. दंगलीत एक रीत असते, ती इथे सांगून टाकते. कुस्तीवर कुणीही इनाम लावू शकतं. पोरासोरांच्या कुस्त्या रेवड्यांवर होतात, पण मोठी जोड लागली की बघणाऱ्यांतला कुणीतरी उठतो, पंचांकडे पैसे देतो, आणि भोंग्यावर त्याचं नाव पुकारलं जातं. कुस्ती निकाली झाली की ते पैसे जिंकणाऱ्याला देतात, आणि ज्याचं इनाम त्यानंच हौद्यात उतरून आपल्या हातानं द्यायचं असतं. नाना वर्षातून एकदा सव्वापाच रुपये लावायचे. "सुपडू मिस्तरी, धरणगाव, यांजकडून सव्वापाच रुपये!" भोंगा असा ओरडला की नाना उगीचच धोतराच्या निऱ्या सारख्या करायचे आणि मी चारी बाजूंना मान फिरवून बघायची, सगळ्यांनी ऐकलं ना.

बाराव्या वर्षी मायनं ते बंद केलं. "आते तू मोठी झायी. मानसेस्मां जाई बठशी का?" पुरुषांत बसायचं नाही, एवढंच. पुढच्या रविवारी नाना एकटे सायकल घेऊन निघाले तेव्हा मी दारात उभी होते आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मी तीन दिवस जेवले नाही असं लिहायला मला आवडलं असतं, पण आमच्या घरात तेवढं उपाशी राहायची चैन नव्हती. मी जेवले, आणि ठरवलं की जायचं. धरणगावच्या आसपासच्या यात्रांना बायका जायच्याच. बांगड्या भरायला, गोडीशेव घ्यायला. मी मैत्रिणींबरोबर जायची, त्यांना बांगड्यांच्या दुकानात सोडायची आणि शाळेच्या भिंतीवर चढून दंगल बघायची. तिथून निम्मी कुस्ती पुरुषांच्या फेट्यांआड व्हायची. पडलं कोण ते मला ओरड्यावरून कळायचं. आजही टीव्हीवर कुस्ती लागली की मी पडद्यापासून हातभर अंतरावर खुर्ची ओढून बसते. डोळे खराब होतील म्हणून सून ओरडते. होऊ देत. सात वर्षं मी लोकांच्या पाठी बघितल्या आहेत.

मॅट्रिकनंतर मला एका पतसंस्थेत पिग्मीचं काम मिळालं. म्हणजे रोज बाजारातून फिरायचं, टपरीवाल्यांकडून, भाजीवाल्यांकडून रुपया-दोन रुपये गोळा करायचे, त्यांच्या कार्डावर आकडा टाकून सही करायची आणि संध्याकाळी रक्कम संस्थेत भरायची. शंभरामागे तीन रुपये माझे. तालुक्यात पिग्मीवर बाई मी एकटीच. पहिल्या महिन्यात लोकांनी मला पैसे कमी आणि सल्ले जास्त दिले. मग त्यांच्या लक्षात आलं की पुरुष एजंट आठवड्यातून दोन दिवस दांडी मारतो आणि ही बया पावसातही येते. महिन्याला माझे दीडशे-पावणेदोनशे सुटू लागले. त्यातले शंभर मायच्या डब्यांत जायचे. आणि मी स्वतःच्या नावानं एक कार्ड काढलं. रोज दीड रुपया. लोकांचे पैसे लिहिता लिहिता स्वतःचा आकडा स्वतःच्या सहीनं टाकायचा, यात काय सुख असतं ते ज्याला दर महिन्याला आपोआप पगार जमा होतो त्याला नाही समजायचं.

माझ्या गिऱ्हाइकांत एक रतन होता. कापूस बाजारात हमाली करायचा आणि पहाटे तालीम. उंच, काळा, कान मोडलेले. दोन लेकरं आणि एक फटकळ बायको. तो रोज दोन रुपये टाकायचा आणि वर्षाच्या शेवटी कार्ड मोडून बदाम आणि तूप आणायचा, कारण हमालीच्या पैशात लेकरांचं पोट भरतं, पहिलवानाचं नाही. बाकीच्या पहिलवानांच्या मागे कुणी सावकार, कुणी व्यापारी उभा असायचा. रतनच्या मागे त्याचं पिग्मीचं कार्ड. त्याची एकेरी पट काढायची घाई मी भिंतीवरून ओळखायची. त्याचं एक वाईट होतं, तो दमला की डाव्या पायावर भार टाकायचा, आणि ते समोरच्याला दिसायचं. मी त्याला ते एकदा कार्डावर सही करता करता सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुमले कसं माहीत?" मी म्हटलं, "माले डोया शेत." मला डोळे आहेत, दुसरं काय.

असा माणूस वर्षानुवर्षं पन्नास-साठ रुपयांच्या कुस्त्या खेळत राहिला, कारण मोठ्या जोडीला मोठं इनाम लागतं आणि त्याच्यावर ते लावणारं कुणी नव्हतं. त्या वर्षी आमच्यापासून दोन कोसांवरच्या एका गावच्या दंगलीत धुळ्याच्या तालमीतला एक नावाजलेला मल्ल येणार होता. गावाचं नाव मी लिहीत नाही, तिथे आता माझी सोयरीक आहे. रतन म्हणाला, त्याच्याशी हात मिळवायला मिळाला असता तर बरं झालं असतं, पण पाचशेच्या खाली तो अंगातला सदरासुद्धा काढत नाही. मी त्या संध्याकाळी माझं कार्ड काढून बेरीज केली. पाचशे सत्तेचाळीस, वर व्याज.

मायला मी लपवून ठेवलं नाही. भाकरी थापताना सांगितलं. तिचा हात काटवटीतच थांबला.

"पाचशे एक रुप्या मातीमां घालशी? तेवढामां कानमां काहीतरी ई ना तुन्हा!"

"कान काय पळी जाई नही ऱ्हायना, माय."

"आनि लोके काय म्हनतीन? आंडेरनी मानूसवर पैसा लावा! कोन लगीन करी तुन्हासंगे?"

आंडेर म्हणजे मुलगी. मी तिला म्हटलं की गावातले शंभर पुरुष रतनवर जीव टाकतात, त्याची मांडी थोपटतात, त्याचा घाम पुसतात, त्यांना कुणी विचारत नाही तुमचं काय चाललंय म्हणून. माय म्हणाली, ते पुरुष आहेत. मी म्हटलं, पैसे तर बाईचे आहेत. नाना कोपऱ्यात बसून सायकलची चेन पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही, पण चेन पुसून झाली होती हे मला दिसत होतं.

दंगलीच्या दिवशी मी सुती पातळ नेसले, पिग्मीची पिशवी खांद्याला अडकवली आणि या वेळी भिंतीकडे गेले नाही. पुरुषांच्या रांगांमधून सरळ चालत पंचांच्या टेबलापाशी गेले. उन्हं कलायला लागली होती, डफ वाजत होते, रेवडीवाला ओरडत होता, आणि मी जिथून जात होते तिथला आवाज मागच्या मागे बंद पडत होता. नाना दहाव्या-बाराव्या रांगेत बसलेले मी बघितले. भोंग्यावर तात्या होते. एका अडत्याच्या दुकानातले दिवाणजी, आवाज खणखणीत, दर वर्षी तेच पुकारायचे. मी त्यांच्यापुढे पाच शंभराच्या नोटा आणि वर एक रुपया ठेवला आणि म्हटलं, रतन विरुद्ध धुळे, निकाली कुस्ती. तात्यांनी नोटा मोजल्या. दोनदा मोजल्या. विचारलं, कुणाच्या नावे. मी नाव सांगितलं, त्यांनी वहीत लिहूनही घेतलं, ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. मग त्यांनी भोंगा तोंडाशी धरला.

"धरणगावचे रतन पहिलवान विरुद्ध धुळ्याचे पाहुणे पहिलवान! एका सद्गृहस्थांकडून पाचशे एक रुपये इनाम!"

टाळ्या पडल्या. लोक माना वळवून तो सद्गृहस्थ शोधू लागले. रतननं सदरा काढला. माझं काम झालं होतं, जोड लागली होती, मी तशीच माघारी गेले असते तर सगळं सुरळीत पार पडलं असतं. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली. तीनशे पासष्ट दिवस. टाचा फुटेपर्यंत चाललेले दिवस. आणि ते सगळे एका न जन्मलेल्या सद्गृहस्थाच्या खिशात.

"तात्या, सद्गृहस्थ कोन? पैसा मन्हा शेत. मन्हं नाव ले."

तात्या भोंग्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "बाई, फडात बाईचं नाव घेत नाहीत. मारुतीचा फड आहे. रीत आहे ती."

"बाईना पैसा चालस का मारुतीले?"

"पैशाचं वेगळं असतं."

"मंग पैसा परत दे."

आता पंच उठले. एकानं मला पोरी म्हटलं, एकानं बाई म्हटलं, एकानं काय म्हटलं ते मी इथे लिहिणार नाही. कुणीतरी मागून शीळ घातली. कुणीतरी विचारलं, रतन तुन्हा कोन शे, आणि मोठा हशा झाला. रतन हौद्यात उघड्या अंगानं उभा होता आणि पायानं माती उकरत होता. मी नानांकडे पाहिलं. मला वाटलं, आता ते उठतील. ते उठून नुसतं "मन्ही आंडेर शे" म्हणाले असते तरी पुरे होतं. नानांनी मान खाली घातली. इतकी खाली, की मला त्यांच्या टोपीचा वरचा भाग दिसला. त्या हशानं मला काही झालं नाही. त्या टोपीनं झालं. पुढे नानांची सेवा मी सगळ्या भावंडांत जास्त केली, पण ती टोपी माझ्या डोळ्यांपुढून लवकर गेली नाही. नोटांवर मी तळहात ठेवला आणि टेबलाला धरून उभी राहिले. मला हलवायचं तर हाताला धरून हलवावं लागलं असतं, आणि चारचौघांत परक्या पोरीचा हात धरायची कुणाची हिंमत नव्हती. त्यांची रीत तेवढी माझ्या कामाला आली.

कुणी माझ्या बाजूनं बोललं असं मी म्हणणार नाही. लोकांना कुस्ती बघायची होती. दिवस मावळत चालला होता, धुळ्याचा पहिलवान सलामी देऊन ताटकळला होता, गावोगावच्या बैलगाड्या परत जायच्या होत्या. मागून एक म्हातारा कावला, "ले ना रे तात्या नाव! जीभ झडी का तुन्ही? कुस्ती लाव!" मग दुसरा ओरडला, मग दहा जण. पाच मिनिटांत सगळा फड "नाव ले, नाव ले" म्हणत होता, माझ्यासाठी नव्हे, पण माझंच. तात्यांनी घाम पुसला. भोंगा धरला. आणि एका दमात, कडू औषध गिळावं तसं म्हणाले, "कुमारी सुजाता सुपडू सोनवणे, धरणगाव, यांजकडून पाचशे एक रुपये." झाडाला बांधलेल्या दुसऱ्या कर्ण्यातून ते नाव किंचित उशिरा, पुन्हा एकदा ऐकू आलं.

रतन हरला. चौदाव्या-पंधराव्या मिनिटाला दमला, डाव्या पायावर भार टाकला, आणि धुळ्याच्या गड्यानं तोच पाय खेचून त्याला खाली घेतलं आणि घिस्स्यावर उलटवलं. पाठ टेकली तेव्हा मी डोळे मिटले नाहीत. ज्याच्यावर जीव लावला त्याचं पडणंही बघायचं असतं. तात्या नोटा घेऊन हौद्याकडे निघाले तेव्हा मी त्यांना अडवलं. ज्याचं इनाम त्याच्या हातानं, ही पण रीतच. चपला काढल्या आणि तेल-ताक घातलेल्या त्या मऊ मातीत उतरले. माझ्या आधी तिथे बाईचा पाय पडला नव्हता असं म्हणतात. माती बाकीच्या मातीसारखीच होती, थोडी गार. माझ्या माणसाला ज्यानं चीत केलं त्याच्या हातावर मी माझं वर्ष ठेवलं. तो गडी जेमतेम पंचविशीचा असेल. त्यानं नोटा कपाळाला लावल्या, काय म्हणावं ते त्याला सुचेना, आणि मग म्हणाला, "अक्का, तुमचा गडी लई जड होता." मी म्हटलं, "पुढच्या साली आणखी जड असेल."

त्याची किंमत मी मोजली. बाजारातल्या अकरा जणांनी कार्डं बंद केली. यावलचं एक स्थळ आलं होतं, त्यांनी निरोपही न देता बोलणं थांबवलं. संस्थेच्या मॅनेजरनं मला समोर बसवून प्रतिष्ठेवर अर्धा तास ऐकवलं आणि शेवटी विचारलं की या महिन्याचं कलेक्शन किती. मी आकडा सांगितला, तो जिल्ह्यातल्या कुठल्याही एजंटपेक्षा जास्त होता, तेव्हा त्यांनी चहा मागवला. माय आठवडाभर माझ्याशी बोलली नाही, फक्त ताट वाढून सरकवायची. आठव्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "पूरं नाव लिधं का त्यानी? सोनवणेसुद्धा?" मी हो म्हटलं. ती पुन्हा भाजी निवडू लागली. नाना मात्र त्या दिवसापासून माझ्या नजरेला नजर देत नव्हते आणि दंगलींनाही जात नव्हते. सायकल भिंतीला टेकून उभी असायची. मीही त्यांना काही विचारलं नाही. मी तेव्हा फार कडक होते, आणि खरं सांगायचं तर मला त्यांना तसं बघून बरंही वाटत होतं.

पुढच्या वर्षी यात्रा आठ दिवसांवर आली असताना नाना जिनिंगमधून एक गुलाबी पत्रक घेऊन आले. दंगलीचं. अंगावरची लव न झटकता माझ्यासमोर बसले आणि त्यांनी ते घडी उघडून जमिनीवर पसरलं. वर मारुतीचं चित्र, खाली पंचांची नावं, जोड्या, वेळ, आणि अगदी तळाशी, जाड ठशात एक नवी ओळ होती : स्त्रियांकडून इनाम स्वीकारले जाणार नाही. इतकी वर्षं त्या गावात दंगल होत होती आणि असा नियम लिहायची कुणाला गरज पडली नव्हती. नानांनी त्या ओळीखाली काळं ग्रीस लागलेलं बोट ठेवलं. वर्षभरानं त्यांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"त्यास्नी तुन्हं नाव छापं," ते म्हणाले.

मी पत्रक उचललं आणि दोनदा वाचलं, मागची बाजूही बघितली. इनाम घेणार नाही असं होतं. बायकांनी बसू नये असं कुठेच नव्हतं. मी नानांना तसं म्हटलं, आणि म्हटलं की मी जाणार आहे, पहिल्या रांगेत बसणार आहे, आणि रतन उतरला की माझ्या घशात असेल नसेल तेवढ्या जोरानं ओरडणार आहे. त्या रविवारी मी पातळ नेसून बाहेर आले तेव्हा नाना माझ्या आधीच दारात उभे होते, सायकलच्या दोन्ही चाकांत हवा भरून.